माल्टा पाहायचा तर आधी बिर्गू, मग व्हॅलेटा: जुन्या गावांचा पाच दिवसांचा आराखडा

भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या खाली, माल्टा नावाचा एवढासा देश आहे. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तिन्ही बेटं मिळून क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर. मुंबई याहून मोठी. म्हणूनच बहुतेक लोक युरोपच्या सहलीत माल्टाला दोन दिवस देतात. सकाळी व्हॅलेटा, दुपारी म्दिना, दुसऱ्या दिवशी बोटीची सफर, की झालं. पहिल्या खेपेला मीही तसंच केलं होतं. घरी येऊन फोटो बघायला बसले तर कुठला तट कुठल्या गावाचा हे मलाच सांगता येईना. सगळाच मधाच्या रंगाचा दगड, सगळीकडे बुरूज, सगळीकडे समुद्र.

दुसऱ्या खेपेला आईला घेऊन गेले. तेव्हा पाच दिवस ठेवले आणि गावांचा क्रम बदलला. फरक त्या क्रमानं पडला. व्हॅलेटा ही राजधानी, त्यामुळे सगळे तिथून सुरुवात करतात. पण व्हॅलेटा का बांधलं गेलं हे खाडीपलीकडच्या बिर्गूत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी बिर्गू, मग व्हॅलेटा. बाकी आराखडा तुमच्या सोयीनं हलवा, एवढं मात्र बदलू नका.

निघण्याआधी

माल्टा शेंगेन देशांत मोडतो, चलन युरो. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोचं संरक्षण देणारा प्रवासविमा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. उन्हाळी सुट्टीत जायचं असेल तर भेटीची वेळ मिळायलाच वेळ लागतो, तेव्हा तिकिटांआधी हे काम हाती घ्या.

महिना कुठला? मार्च ते मे, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कोकणातल्या मे महिन्यासारखं लागतं, आणि इथे बघायच्या बहुतेक जागा उघड्यावर आहेत. तट, देवळांचे अवशेष, पायऱ्या. झाडाची सावली क्वचितच मिळते. एप्रिलमध्ये रानफुलं असतात, हवा गार असते, आईला दुपारी सुद्धा चालवलं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हाल सफ्लिएनीच्या हायपोजियमचं तिकीट. हे जमिनीखाली खोदलेलं पाच-सहा हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान. श्वासातल्या ओलाव्यानं आतला रंग खराब होतो, म्हणून तासाला फक्त दहा माणसं आत सोडतात. तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. पहिल्या वेळी मी थेट दारात जाऊन उभी राहिले आणि तशीच परत फिरले. हेरिटेज माल्टा या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तारीख बघा, तिकीट काढा, आणि मग त्या तारखेभोवती बाकीचे दिवस बसवा. उलटं करायला गेलात तर ते हुकणार. सहा वर्षांखालच्या मुलांना आत घेत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

याच संस्थेचा एक एकत्रित पास मिळतो. त्यात संस्थेची बहुतेक संग्रहालयं, किल्ले आणि प्राचीन देवळं येतात, हायपोजियम येत नाही. चर्चची तिकिटं वेगळी. चार-पाच जागा बघणार असाल तर पास घ्याच.

नावं वाचायची एक छोटी किल्ली देते, बसच्या पाट्या वाचताना उपयोगी पडेल. माल्टी भाषा लिहितात रोमन लिपीत, पण ती मुळात अरबी घराण्यातली. इंग्रजीतला एक्स दिसला की 'श' म्हणायचं. शारा, तारशीन, मार्सश्लॉक ही गावं पाटीवर ओळखूच येणार नाहीत, इतकी वेगळी दिसतात. क्यू जवळजवळ गिळायचा. अरबीतून आपल्याकडे फारसीच्या वाटेनं आलेले काही शब्द तिथे थेट भेटतात: जगाला 'दिन्या', पुस्तकाला 'क्तीब', वेळेला 'वक्त'. बसमध्ये दोन बायकांच्या बोलण्यात 'दिन्या' ऐकून आईनं माझा हात दाबला होता. बाकी इंग्रजी सगळीकडे चालतं, ती तिथली दुसरी राजभाषा.

मुक्काम आणि फिरणं

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा, बेट लहान आहे. पर्यटक स्लीमा आणि सेंट ज्युलियन्सला राहतात, तिथे हॉटेलं भरपूर. माझं मत व्हॅलेटाच्या किंवा बिर्गूच्या बाजूनं. संध्याकाळी दिवसाची गर्दी परत गेली की ही गावं तुमची होतात. मात्र व्हॅलेटात घर घेताना दोन प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का, आणि रस्त्यावर पायऱ्या किती. तिथले काही रस्ते म्हणजे निव्वळ जिनेच आहेत.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, पण गाडी भाड्यानं घ्यायची गरज नाही. बसचं जाळं चांगलं आहे आणि बहुतेक मार्ग व्हॅलेटाच्या वेशीबाहेर, ट्रायटन कारंज्यापाशी येऊन मिळतात. थांब्यावर बस येताना हात दाखवावा लागतो, नाहीतर ती सरळ निघून जाते. सात दिवसांचं अमर्याद प्रवासाचं कार्ड मिळतं. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा, तेव्हा ॲडाप्टर न्या.

आणि बूट. रबरी तळव्याचे, पकड असलेले. शेकडो वर्षांच्या पावलांनी तिथला चुनखडीचा दगड आरशासारखा झाला आहे, पाऊस पडला की पाय सटकतो.

पहिला दिवस: बिर्गू आणि सेंग्लिया

आधी गोष्ट थोडक्यात. सेंट जॉनच्या पंथाचे सरदार, म्हणजे लढवय्ये धर्मबांधव, 1522 मध्ये ऑटोमन तुर्कांकडून ऱ्होड्स बेट हरले. आठ वर्षं त्यांना ठिकाणा नव्हता. 1530 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सनं त्यांना माल्टा दिला; खंडणी काय, तर दरवर्षी एक ससाणा. बेटाची जुनी राजधानी म्दिना आतल्या टेकडीवर होती. पण हे लोक दर्यावर्दी, त्यांना गलबतं डोळ्यांसमोर हवी होती. म्हणून ते बंदरातल्या बिर्गू नावाच्या कोळीवाड्यात राहिले.

1565 च्या मे महिन्यात ऑटोमन आरमार आलं. समोरच्या ओसाड डोंगरसोंडेच्या टोकाला सेंट एल्मो हा छोटा किल्ला होता. तो सुमारे महिनाभर लढला आणि 23 जूनला पडला. मग त्याच सोंडेवरून तुर्कांच्या तोफा बिर्गूवर आणि सेंग्लियावर आग ओकू लागल्या. तरी ही दोन गावं टिकली. सप्टेंबरच्या सुरुवातीला सिसिलीहून मदत आली आणि वेढा उठला. 8 सप्टेंबरला आजही तिथे राष्ट्रीय सुट्टी असते.

आता बघायचं कसं. सकाळी बिर्गूच्या वेशीतून आत शिरा आणि सरळ धक्क्याकडे न जाता डावी-उजवीकडच्या बोळांत हिंडा. पंथातले सरदार आपापल्या भाषेनुसार गटांत राहत, त्यांच्या जुन्या निवासांच्या दगडी चौकटी या बोळांत अजून आहेत. मग इन्क्विझिटरचा वाडा. धर्मन्यायालयाचे असे वाडे आज फार थोडे उरलेत. खालच्या कोठडीत भिंतीजवळ जा आणि नीट बघा: कैद्यांनी नखानं, खिळ्यानं कोरलेल्या खुणा आहेत. क्रूस, गलबतं, दिवस मोजायच्या रेघा. हा दगड मऊ. आपल्याकडे कोकणात जांभ्याचा चिरा जसा खाणीतून सहज कापून काढतात आणि मग तो हवेनं कडक होतो, तसाच इथला चुनखडीचा चिरा. म्हणून माणसाला त्यात बोटाएवढी बोट कोरता आली. एक गलबत तर शिडाच्या दोऱ्यांसकट कोरलं आहे. ज्यानं कोरलं त्याला बाहेरचं बंदर दिसत नसणार.

तिथून सेंट अँजेलो किल्ला, आणि या दिवसाचा खरा मुद्दा इथे आहे. वर चढा आणि पाण्यापलीकडे बघा. समोर जी उंच सोंड दिसते, जिच्यावर आज व्हॅलेटाचे घुमट आहेत, ती 1565 मध्ये उघडी होती. तोफांचे गोळे तिथून येत होते. आपण किल्ले पाहणारी माणसं. समोरची उंच जागा शत्रूच्या हाती गेली की किल्ल्याची काय गत होते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दहा मिनिटं तिथे शांत उभे राहा. वेढा उठल्यावर ग्रँडमास्टर, म्हणजे पंथाचा प्रमुख, ला व्हॅलेटनं दुसरं काहीच न करता त्या सोंडेवर शहर का बांधायला घेतलं, ते आपोआप समजतं.

दुपारनंतर वळसा घालून सेंग्लियाच्या टोकावरच्या बागेत जा. तिथल्या टेहळणीच्या दगडी मनोऱ्यावर एक डोळा आणि एक कान कोरला आहे. पहाऱ्याचं याहून नेमकं चित्र मी कुठे पाहिलं नाही.

परतताना बस घेऊ नका. दाय्सा नावाच्या छोट्या रंगीत होड्या बंदर ओलांडून नेतात, किंवा शेजारच्या बॉर्मला गावाहून फेरी आहे. पाण्यातून व्हॅलेटाचा तट अंगावर आल्यासारखा उंच होत जातो. उतरल्यावर 58 मीटर उंचीची लिफ्ट थेट वरच्या बागेत सोडते. आईच्या गुडघ्यांनी त्या लिफ्टला मनापासून दुवा दिला.

दुसरा दिवस: व्हॅलेटा

28 मार्च 1566 ला पायाचा दगड बसला. आराखडा इटालियन अभियंता फ्रान्चेस्को लापारेल्लीचा, पुढचं बरंचसं बांधकाम माल्टी वास्तुविशारद जिरोलामो कासारचं. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, लांबी जेमतेम एक किलोमीटर. सोंडेच्या माथ्यावरून जाणारा रिपब्लिक स्ट्रीट सपाट आहे, त्याला छेदणारे रस्ते दोन्ही बाजूंना समुद्राकडे कोसळतात. ज्येष्ठ बरोबर असतील तर माथ्याची वाट धरून चाला आणि आडव्या रस्त्यांत वरूनच डोकावा.

सकाळी दार उघडताच सेंट जॉन्स को-कॅथेड्रल गाठा. रविवारी पर्यटकांसाठी बंद असतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, टोकदार टाचांच्या चपला चालत नाहीत. कारण पायाखालची फरशी हीच तिथली मोठी वस्तू: रंगीत संगमरवरात घडवलेली सुमारे 400 सरदारांची थडगी. बाहेरून हे चर्च एखाद्या कोठारासारखं साधं. आत पाऊल टाकलं की सोनंच सोनं. छतावरची चित्रं मात्तिया प्रेतीची. कमानींजवळच्या आकृत्या नीट बघा, काही कोरलेल्या वाटतात; सावलीसुद्धा रंगवलेली आहे.

मग बाजूच्या प्रार्थनागृहात कॅराव्हॅज्जो. 'सेंट जॉन द बाप्टिस्टचा शिरच्छेद', 1608 सालचं, साडेतीन मीटरहून उंच आणि पाच मीटरहून रुंद. रोममध्ये हातून खून झाल्यावर हा चित्रकार पळत पळत माल्टाला आला होता. चित्रात अर्धी जागा रिकामी, काळोखी भिंत. डावीकडे खाली, सेंट जॉनच्या मानेतून सांडलेल्या रक्ताकडे बघा: त्याच रक्ताच्या लाल रेषेतून कॅराव्हॅज्जोनं आपलं नाव लिहिलं आहे. त्यानं सही केलेलं हे एकमेव चित्र. काही महिन्यांतच तो भांडणात अडकला, सेंट अँजेलो किल्ल्यात कैद झाला, तिथून निसटला, आणि याच दालनात, याच चित्रासमोर पंथातून त्याची हकालपट्टी जाहीर झाली. काल तुम्ही ज्या किल्ल्यावर उभे होतात तोच हा किल्ला. म्हणून म्हणते, क्रम महत्त्वाचा.

साडेअकराला तिथून निघा. अप्पर बराक्का बागेत बाराच्या ठोक्याला खालच्या सलामीच्या बुरुजावरून तोफ उडते. कठड्याजवळची जागा लवकर भरते. समोर कालचं बिर्गू आणि सेंग्लिया, आता उलट बाजूनं. या बंदराशी आपलंही एक नातं आहे: 1878 मध्ये रशियाशी युद्ध होईल या भीतीनं ब्रिटिशांनी हिंदी पलटणी मुंबईहून जहाजांनी माल्टाला आणल्या, त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. युद्ध झालं नाही. पण देशावरच्या आणि कोकणातल्या किती घरांतली मुलं या कठड्याखालच्या पाण्यात जहाजातून उतरली असतील, हा विचार मला तिथून हलू देईना.

दुपारी पुरातत्त्व संग्रहालय. उद्याच्या देवळांआधी ते बघायलाच हवं, कारण मूळ मूर्ती तिथे आहेत. हायपोजियममध्ये सापडलेली 'निद्रिस्त स्त्री' जेमतेम 12 सेंटिमीटरची. कुशीवर झोपलेली, एक हात डोक्याखाली. काचेशी वाका आणि त्या बिछान्याची खालची बाजू बघा, विणीच्या रेघासुद्धा आहेत. वेळ उरला तर सेंट एल्मो किल्ल्यातलं युद्ध संग्रहालय. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात बेटाला मिळालेला जॉर्ज क्रॉस तिथे ठेवला आहे, एप्रिल 1942 चा. पदक साऱ्या बेटाला दिलं होतं.

तिसरा दिवस: दगडाची देवळं

हायपोजियम पाओला गावात, साध्या घरांच्या रांगेत आहे. 1902 मध्ये घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना कामगारांना हे सापडलं. तीन मजले जमिनीखाली. फोटो काढता येत नाहीत, सामान बाहेर ठेवावं लागतं. अंदाजे 7,000 माणसांचे अवशेष इथे होते. वर बांधलेल्या देवळांच्या कमानी खाली खडकात कोरून काढल्या आहेत, आणि छतावर गेरूची लाल वळणं. कान उघडे ठेवा, आवाज घुमतो. दहा मिनिटं चालून तारशीनची देवळं लागतात, ती त्याच दिवशी उरका.

दुपारनंतर 74 क्रमांकाच्या बसनं हाजर इम आणि म्नायद्रा. ही दोन्ही देवळं पिरॅमिडांहून जुनी. हाजर इम वर, म्नायद्रा त्याहून पाचशे मीटर खाली समुद्राकडे. येताना चढ आहे, पाणी बरोबर ठेवा. म्नायद्राच्या खालच्या देवळाचं दार असं बसवलं आहे की विषुवदिनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, उगवत्या सूर्याचा किरण सरळ मधल्या वाटेनं आत जातो. मला दोन्हींत म्नायद्रा जास्त आवडतं. समोर फिल्फ्ला नावाचा ओसाड खडक, मागे थाइमची झुडपं, आणि बाकी वारा.

चौथा दिवस: राबात, मग म्दिना

इथे उलटी वेळ साधा. सकाळी घाई नको. व्हॅलेटाहून 51, 52 किंवा 53 नंबरची बस. मोस्ता गावी जाणं जमलं तर तिथल्या गोल चर्चमध्ये डोकवा. 9 एप्रिल 1942 ला प्रार्थनेसाठी माणसं जमलेली असताना बॉम्ब घुमट फोडून आत पडला आणि फुटला नाही.

दुपारी राबातमध्ये सेंट पॉलची भुयारी थडगी बघा. खडकात एक गोल टेबल कोरलेलं दिसेल, मृतासाठीचं जेवण तिथे होत असे. पाचनंतर म्दिनात शिरा. दिवसा तिथे गटांमागून गट असतात. संध्याकाळी तटाच्या आत तीनशेहूनही कमी रहिवासी आणि तुम्ही. वेस 1724 ची, आतले बोळ मात्र त्याहून फार जुन्या वळणाचे, अरबांच्या काळचे. नावही अरबी, मदिना म्हणजे शहर. 1693 च्या भूकंपानंतरचं कॅथेड्रल वास्तुविशारद लोरेन्झो गाफाचं. ते बाहेरून बघून तटावरच्या चौकात थांबा, खाली सबंध बेट दिवे लावताना दिसतं. शेवटच्या बसची वेळ आधीच बघून ठेवा.

खाणं

शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. पास्तित्सी म्हणजे पापुद्र्यांची गरम करंजी, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. राबातच्या छोट्या दुकानांत सकाळी ताटंच्या ताटं भट्टीतून निघतात. कडक शाकाहारी असाल तर पिठात प्राण्याची चरबी आहे का हे विचारा. बिजिल्ला हे वाळवलेल्या पावट्यासारख्या दाण्यांचं लसूण घातलेलं वाटण, पावाला लावून खायचं. हॉब्झ बिझ्झेत, म्हणजे टोमॅटो चोळून तेल घातलेला जाड पाव, मागताना 'ट्यूना नको' म्हणा. सशाचं मटण तिथला राष्ट्रीय पदार्थ आहे, मेन्यूत 'फेनेक' दिसलं की तो ससा.

पाचवा दिवस: गोझो

41 किंवा 42 नंबरची बस चिर्केव्वाच्या धक्क्यावर सोडते. तिथून बोट 25 मिनिटांची. व्हॅलेटाहून थेट जलद बोटही आहे, समुद्र खवळलेला नसेल तर ती सोयीची.

आधी शारा गावातलं जिगांतिया हे प्राचीन देऊळ. दंतकथा अशी की एका राक्षसिणीनं पावटे आणि मध खाऊन, पोर कडेवर घेऊन, हे दगड वाहून आणले. सकाळच्या उन्हात हे दगड बघताना त्या गोष्टीवर विश्वास बसतो. समुद्रातली प्रसिद्ध 'अझ्युअर विंडो' कमान मात्र शोधू नका, ती 8 मार्च 2017 च्या वादळात कोसळली.

मग व्हिक्टोरिया शहर आणि माथ्यावरचा चितादेल्ला किल्ला. 1551 मध्ये तुर्कांनी छापा घालून बेटावरची जवळपास सगळी माणसं, सुमारे 5,000, गुलाम म्हणून नेली. त्यानंतर 1637 पर्यंत गोझोच्या लोकांना कायद्यानंच रात्र या तटाच्या आत काढावी लागे. तट चढताना ते मनात ठेवा, तिथली निजायला जागा केवढी होती ते बघा. आतल्या कॅथेड्रलमध्ये मध्यभागी उभे राहून वर बघा: खोल घुमट. आता दोन-चार पावलं बाजूला सरका, घुमट कलंडतो. छत सपाट आहे. 1739 मध्ये मेसिनाच्या एका चित्रकारानं तो घुमट रंगवला. आई तीनदा पुढे-मागे झाली आणि मग बाकावर बसून बराच वेळ वर बघत राहिली.

परतीच्या बोटीचं तिकीट गोझोच्या इम्जार धक्क्यावरच काढायचं. चिर्केव्वाहून येताना कुणी पैसे मागत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथे गाड्यांची रांग लागते. पायी प्रवाशांची रांग वेगळी आणि छोटी असते, तेव्हा घाई करू नका आणि वरच्या डेकवर डाव्या बाजूला जागा धरा.